वाचक विचारतात : फाईल सगळ्यांची, जबाबदारी कोणाची?

या वेळचे प्रश्न नाशिक जिल्ह्याच्या वेगवेगळ्या टोकांकडून आले आहेत, पण अडचण बरीचशी एकच आहे. चार जण मिळून शिकतात, माहिती गटात फिरते आणि नेमकी लागते तेव्हा सापडत नाही. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. बटणांची नावं इंग्रजी मेनूत दिसतात तशीच दिली आहेत. ॲपची आवृत्ती बदलली तर बटणाची जागा थोडी इकडेतिकडे होऊ शकते.

प्रश्न : आम्ही अठरा द्राक्ष बागायतदार आहोत. व्हॉट्सॲप गटात रोज चर्चा होते, पण दर हंगामात तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकाने गुगल शीट केली आणि सगळ्यांना उघडी करून दिली. पंधरा दिवसांत तिचा बट्ट्याबोळ झाला. तारखा उलटसुलट, एकाच्या ओळीवर दुसऱ्याची नोंद, सूत्रं पुसलेली. नाद सोडावा का? (दिंडोरी)

नाद सोडू नका. शीट हा मार्ग बरोबर आहे, ती उघडी टाकली तिथे चुकलं. गटातले निरोप वेळेनुसार एकाखाली एक पडतात, विषयानुसार नाही. रात्री डाऊनी रोगावर मिळालेलं नेमकं उत्तर सकाळच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. पुढच्या वर्षी गटात येणाऱ्याला तर मागचा सगळा संवाद मिळतच नाही. म्हणून तातडीची विचारपूस गटात ठेवा आणि नोंद शीटमध्ये.

पहिली गोष्ट म्हणजे अठराही जणांना शीटमध्ये लिहू देऊ नका. लिहिण्याचा अधिकार, म्हणजे एडिटर, फक्त दोघांना द्या. बाकीच्यांना व्ह्यूअर, म्हणजे फक्त बघणारे, करा. नोंद भरण्यासाठी गुगल फॉर्म बनवा आणि त्याची लिंक गटाच्या माहितीत कायमची लावून ठेवा. प्रत्येक फॉर्म आपोआप नव्या ओळीत जाऊन बसतो, त्यामुळे कोणी कोणाची ओळ पुसू शकत नाही. फॉर्ममध्ये आठापेक्षा जास्त प्रश्न नकोत : प्लॉट क्रमांक, फवारणीची तारीख, कशासाठी, औषधातला सक्रिय घटक, मात्रा, पाण्याचं प्रमाण, फवारणीनंतर पाऊस किती तासांनी आला, आणि उपयोग झाला की नाही.

यातले ‘प्लॉट’, ‘कशासाठी’ आणि ‘सक्रिय घटक’ हे तीन प्रश्न ड्रॉप-डाउनचे, म्हणजे ठरलेल्या यादीतून निवडायचे ठेवा. मोकळी जागा दिली की कोणी ‘डाऊनी’ लिहितो, कोणी ‘डावणी’, कोणी ‘केवडा’. माणसाला तिन्ही एकच वाटतात, शीटला ते तीन वेगळे रोग दिसतात. हंगामाच्या शेवटी चाळणी लावाल तेव्हा एक तृतीयांश नोंदीच हाती येतील. तारखेसाठी फॉर्ममधला ‘डेट’ हाच प्रकार घ्या.

तारखा उलटल्या कशा, ते समजून घ्या, कारण ही चूक गुपचूप होते. शीटचा देश अमेरिका ठरलेला असेल तर ०५/१० म्हणजे तिला १० मे वाटतो. १३/१० टाकलं तर तेरावा महिना नसल्याने ती त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर समजते. ओळखायची खूण सोपी आहे : खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकून बसते, मजकूर डावीकडे चिकटतो. संगणकावर फाईल, मग सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल ‘इंडिया’ करा. मात्र आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या हातानेच पुन्हा भराव्या लागतात.

आता शीटचा खरा फायदा. एकाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सप्टेंबरच्या शेवटी होते, दुसऱ्याची ऑक्टोबर अखेरीस. दोघांच्या फवारणीच्या तारखा शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तुलना करायची ती छाटणीनंतरच्या दिवसांची. ‘प्लॉट’ नावाचा वेगळा टॅब करा. त्यात प्लॉट क्रमांक, वाण आणि छाटणीची तारीख एकदाच लिहा. तिसऱ्या टॅबमध्ये व्हीलुकअप हे दुसऱ्या टॅबमधून माहिती शोधून आणणारं सूत्र वापरून छाटणीची तारीख ओढून घ्या आणि फवारणीच्या तारखेतून वजा करा. ही सूत्रं फॉर्मच्या उत्तरांच्या टॅबमध्ये लिहू नका. फॉर्म दर वेळी नवी ओळ घुसवतो आणि खाली ओढलेलं सूत्र त्या ओळीत येत नाही. तुमची ‘सूत्रं पुसली गेली’ ही तक्रार फॉर्म आल्यावरही या कारणाने पुन्हा उभी राहील. हिशेबाचा टॅब वेगळा हवा, तो यासाठीच.

त्याच टॅबमध्ये ‘काढणी केव्हापासून’ हा रकाना ठेवा : फवारणीची तारीख अधिक पीएचआयचे, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे किमान दिवस. १२ जानेवारीची फवारणी आणि ३० दिवसांचा पीएचआय असेल तर ११ फेब्रुवारी. पीएचआयचा आकडा औषधाच्या लेबलवरून आणि निर्यातदाराने दिलेल्या यादीवरून घ्या. गटातल्या कोणाच्या निरोपावरून घेऊ नका. खरेदीदाराची अट लेबलपेक्षा कडक असेल तर मोठा आकडा धरा. आणि अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंदवलेल्या बागांची अधिकृत नोंदवही वेगळी असते. तुमची शीट एकमेकांकडून शिकण्यासाठी आहे, ती त्या वहीच्या जागी चालणार नाही.

हिशेबाच्या टॅबला कुलूप लावा : डेटा मेनूत ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’. हे फोनवरच्या ॲपमधून होत नाही, संगणकच लागतो. तरीही काही बिघडलं तर ‘व्हर्जन हिस्टरी’, म्हणजे शीटच्या जुन्या आवृत्त्या, आहे, पण सरळ ‘रिस्टोअर’ दाबू नका. त्याने अख्खी शीट मागे जाते आणि बिघाडानंतर आलेल्या चांगल्या नोंदीही समोरून जातात. एखादी चौकट बिघडली असेल तर तिच्यावर उजवी क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ बघा आणि जुना आकडा तिथून घ्या.

पानांचे फोटो फॉर्ममधून मागवायचा मोह होईल. त्याआधी गणित करा. फोटो ३ एमबीचा आणि हंगामात प्रत्येकी ६० फोटो धरले तर अठरा जणांचे १,०८० फोटो, म्हणजे सव्वातीन जीबीच्या आसपास. ही जागा फॉर्म बनवणाऱ्याच्या १५ जीबीतून जाते. त्याच १५ जीबीत त्याची मेल आणि घरचे फोटोही असतात, आणि जागा भरली की मेल येणं थांबतं. म्हणून गटासाठी वेगळं गुगल खातं काढा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) लावा आणि रिकव्हरीसाठी दुसऱ्या सभासदाचा नंबर द्या. खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, हेही लक्षात असू द्या.

शेवटच्या रकान्याबद्दल आग्रहाने सांगायचं आहे. ‘उपयोग झाला नाही’ असं लिहायला माणूस कचरतो, आणि सगळ्यांना सर्वांत जास्त उपयोग होतो तो त्याच नोंदीचा. एकच घटक, एकच मात्रा, छाटणीनंतरचा दिवसही जवळपास तोच, तरी एका बागेत रोग थांबला आणि दुसरीत नाही, असं दिसलं की पावसाचा रकाना बघा, पाण्याचं प्रमाण बघा. महिन्यातून एकदा अर्धा तास फक्त या नोंदींवर बसा.

प्रश्न : आम्ही निवृत्त शिक्षक मिळून विज्ञानाची प्रश्नपेढी तयार करतोय. जुन्या फाईली संगणकात चांगल्या दिसतात, ड्राइव्हवर टाकल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नव्याने टंकलेल्या मजकुरातही शोध घेतला तर अर्धेच प्रश्न सापडतात. (नाशिकरोड)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

जुन्या फाईली श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टमधल्या असाव्यात. त्यांत अक्षर मराठी नसतंच. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट तुमच्या संगणकात आहे म्हणून चित्र दिसतं. ड्राइव्हकडे तो नाही, म्हणून मूळचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत आणायचा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असल्याने आधी फाईलचा नेमका फॉन्ट कोणता ते बघा. बदललेला मजकूर वाचताना तीन ठिकाणी नजर ठेवा : ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली का, रफार जागेवर आहे का, आणि जोडाक्षरं फुटली का.

मूळ फाईल हरवली आणि छापील प्रत उरली असेल तर फोटो काढून ड्राइव्हवर चढवा, उजवी क्लिक करा आणि ‘ओपन विथ’मधून गुगल डॉक्स निवडा. मराठी मजकूर बऱ्यापैकी उतरतो. फोटो सरळ हवा, सावली नको, आकार २ एमबीच्या आत ठेवा. दोन रकान्यांचं पान असेल तर प्रत्येक रकान्याचा वेगळा फोटो घ्या, नाहीतर डाव्या ओळीला उजवी ओळ जोडली जाते. जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर ती थेट उघडू नका. तिच्या पोटात तोच कचरा मजकूर असतो आणि डॉक्स कधी कधी तोच उचलतं. आधी पानं चित्र म्हणून जेपीजीमध्ये काढा आणि मग डॉक्सला द्या.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे, कारण डोळ्यांना ती दिसत नाही. ‘ॲसिड’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात ‘ॲ’ हे एकच सबंध अक्षर असतं, दुसऱ्यात आधी ‘अ’ आणि त्यावर चंद्र असं दोन चिन्हांचं ‘अॅ’. कागदावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि एकाचा शोध घेतला की दुसरा सापडेलच असं नाही. ‘सूर्याच्या’ आणि ‘दुसऱ्याच्या’ यांतला फरक तुम्हाला शिकवायची गरज नाही. त्यातला दुसरा, अर्ध्या ‘ऱ’चा प्रकारही दोन तऱ्हांनी टंकला जातो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन पाय मोडतं, कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतं. युनिकोडची शिफारस पहिल्या प्रकाराची आहे.

तुमच्या गटाने एकदा बसून दोन ओळींचा नियम करावा : ‘ॲ’ एकसंध घ्यायचा आणि ‘ऱ’ स्वतंत्र अक्षरातून घ्यायचा. आधी टंकलेला मजकूर एडिट मेनूतल्या ‘फाइंड अँड रिप्लेस’ने बदला. शोधायचं अक्षर स्वतः टंकू नका, ते जुन्या मजकुरातूनच कॉपी करून चिकटवा. नाहीतर तुमचा कीबोर्ड नवंच रूप टाकेल आणि काहीच सापडणार नाही.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचं सगळं काम कॉलेजने दिलेल्या मेल खात्यावर आहे. निकालानंतर खातं बंद होणार असं ऐकलं. चौघे जण कोड एकमेकांना झिप करून पाठवतो, कोणती फाईल शेवटची हेच कळत नाही. (गंगापूर रोड)

आधी खात्याचं बघा, कारण तिथे मुदत आहे. कॉलेजच्या खात्याची मालकी कॉलेजची असते. ते बंद झालं की त्यातल्या फाईली मित्रांशी शेअर केलेल्या असल्या तरी जातात, कारण फाईल मालकासोबत जाते. गुगलच्या टेकआउट सेवेत ‘ट्रान्सफर युवर कंटेंट’ अशी सोय आहे. तिथे स्वतःचं खासगी खातं देऊन पडताळणी केली की ड्राइव्ह आणि मेलची प्रत तिकडे जाते. कधी काही तासांत होतं, कधी आठवडाही लागतो, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. जाते ती प्रत असते. मित्रांना दिलेले अधिकार नव्याने द्यावे लागतात आणि मूळ फाईलच्या लिंका पुढे चालत नाहीत. प्रकल्प अहवालात अशा लिंका दिल्या असतील तर त्याही बदला. कॉलेजने ही सोय बंद ठेवली असेल तर टेकआउटमधून झिप उतरवून घ्या. खासगी खात्याच्या १५ जीबीत तेवढी जागा उरली आहे का तेही आधी तपासा.

कोडसाठी झिप पाठवणं आजच थांबवा. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर एक रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा साठा, करा, चौघांना कोलॅबोरेटर म्हणून घ्या आणि ‘मेन’ शाखेत थेट कोणी लिहायचं नाही हे ठरवा. ज्याचं काम त्याची शाखा. काम झालं की पुल रिक्वेस्ट, म्हणजे ते ‘मेन’मध्ये मिसळायची विनंती, टाका आणि दुसऱ्या एकाने वाचल्याशिवाय ती मिसळू नका. चौघांपैकी ज्याने लिहिलेलं नाही त्याने वाचणं, शिकणं होतं ते इथेच. तोंडी परीक्षेत ‘हा भाग माझ्या मित्राने केला’ म्हणायची वेळही मग येत नाही.

पुढच्या तीन गोष्टींवर गाडी हटकून अडते. पहिली, १०० एमबीपेक्षा मोठी फाईल गिटहब घेत नाही. डेटासेट आणि शिकवलेली मॉडेलं ड्राइव्हवर ठेवा आणि रीडमी या माहितीच्या फाईलमध्ये ती कुठे आहेत ते लिहा. दुसरी, पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून एकदा चढवली तर पुढच्या वेळी ती ओळ खोडून उपयोग नाही. ती इतिहासात राहते आणि उघड्या रिपॉझिटरीत कोणालाही सापडते. ती की रद्द करून नवी घ्यायची, हा एकच उपाय. अशी माहिती वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि त्या फाईलचं नाव ‘डॉट गिटइग्नोर’ या न चढवायच्या फाईलींच्या यादीत पहिल्याच दिवशी लिहा. तिसरी, गुगलच्या कोलॅब या ऑनलाइन कोड चालवायच्या सेवेच्या मोफत सत्रात तयार झालेल्या फाईली सत्र संपलं की पुसल्या जातात. सत्राला जास्तीत जास्त १२ तास मिळतात आणि बराच वेळ हात लावला नाही तर ते आधीच तुटतं. सुरुवातीलाच ड्राइव्ह माउंट करा, म्हणजे सत्राला जोडून घ्या, आणि मॉडेल शिकत असताना ठरावीक टप्प्यांवर तिथे जतन होत राहील असं लिहा.

अडलात तर स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारा, पण पूर्ण कोड चिकटवून ‘चालत नाही’ असं लिहू नका. चूक दिसेल एवढाच वीसेक ओळींचा तुकडा वेगळा काढा, तो स्वतंत्रपणे चालवून बघा, आलेला एरर जसाच्या तसा द्या, काय अपेक्षित होतं ते लिहा. हा तुकडा काढता काढताच निम्म्या वेळा चूक सापडते.

प्रश्न : आमच्या पाड्यावर रेंज फक्त टेकडीवर मिळते. शाळेत एक लॅपटॉप आहे, मोठ्या मुलांकडे घरचे काही फोन येतात. क्लाउडवरचं शिक्षण आमच्यासाठी नाहीच का? (सुरगाणा)

आहे. क्लाउडमधलं जे लागतं ते एकदा खाली उतरवून आणायचं आणि शाळेतच वाटायचं. त्यासाठी कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, खास अशाच शाळांसाठी बनवलेलं. सोबत साधा घरगुती वायफाय राउटर लागेल. त्याला इंटरनेटची जोडणी लागत नाही.

तालुक्याच्या गावी किंवा नाशिकला चांगलं नेट असेल तिथे लॅपटॉप न्या. कोलिब्री बसवा आणि त्यातल्या वाहिन्यांमधून हवे तेवढेच धडे उतरवा. सगळी वाहिनी घेतली तर डिस्क भरते. शाळेत राउटर लावा, लॅपटॉप त्याला जोडा. कोलिब्रीच्या ‘डिव्हाइस’ पानावर टिंबांनी वेगळे केलेले आकड्यांचे चार गट असलेला पत्ता दिसतो, त्याच्या शेवटी बहुधा ८०८० असतं. मुलांनी फोन त्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की धडे उघडतात. फोनमध्ये काही बसवावं लागत नाही, डेटाही खर्च होत नाही.

पहिल्या दिवशी हे चालणार नाही, अशी तयारी ठेवा. कारणं ठरलेली आहेत. वायफायवर इंटरनेट नाही हे पाहून फोन आपणहून मोबाईल डेटाकडे वळतो. तेव्हा मोबाईल डेटा बंद करा आणि ‘तरीही जोडलेलं राहा’ अशा अर्थाचं बटण दाबा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर फायरवॉल ही तिची सुरक्षेची भिंत बाहेरून येणाऱ्या फोनना अडवते. बसवताना विचारलं जातं तेव्हा ‘प्रायव्हेट नेटवर्क’ला परवानगी द्या. लॅपटॉप दहा मिनिटांनी झोपी गेला की सगळ्यांचं एकदम बंद पडतं, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. दुसऱ्या दिवशी पत्ता बदललेला आढळला तर राउटरच्या पानावर लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवा आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात रंगाने लिहून टाका. वीज गेली तर लॅपटॉप तग धरतो, राउटर मरतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच.

संदर्भासाठी किविक्स हे नेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात संपूर्ण मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये उतरवता येतो आणि नेटशिवाय शोधता येतो. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे धडेही रेंजमध्ये असताना उतरवून ठेवता येतात.

तुम्ही स्वतः धडे रेकॉर्ड करणार असाल तर व्हिडिओच्या मागे लागू नका. ६४ केबीपीएसचा आवाज तासाला २९ एमबीच्या आत बसतो, बोलण्यासाठी ३२ सुद्धा पुरतो आणि आकार निम्मा होतो. त्यासोबत फळ्याचे चार स्पष्ट फोटो दिले की टेकडीवर पाच मिनिटं उभं राहून पालकाला ते उतरवता येतं.

प्रश्न : वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करून ड्राइव्हची लिंक वाचकांना द्यायची आहे. चालेल का? कुसुमाग्रजांपासून सुरुवात करावी म्हणतो. (सिन्नर)

कुसुमाग्रजांपासून नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ते १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत परवानगी लागेल. भाषांतर असेल तर मूळ लेखकाबरोबर भाषांतरकाराचंही वर्ष पाहावं लागतं. प्रस्तावना आणि चित्रं यांचे हक्क वेगळे असू शकतात.

मात्र दोन गोष्टी तुम्ही आजही करू शकता. वाचनालय ना-नफा आणि सार्वजनिक असेल तर तुमच्याकडे छापील प्रत असलेलं पुस्तक जतनासाठी स्कॅन करून ठेवायला कायद्यात, कलम ५२ मध्ये, मुभा आहे. ती प्रत जतनासाठीच, लिंक गावभर वाटण्यासाठी नाही. आणि ज्यांची मुदत संपली आहे अशी पुस्तकं मराठी विकिस्रोत या ऑनलाइन मोफत ग्रंथालयात नेता येतात. तिथे स्कॅनचं पान एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या वेगळ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं होतं. स्वतःचं पिवळं पान स्वतःच हिरवं करता येत नाही. तुमच्या वाचकांतले दहा जण रोज दोन पानं जरी तपासू लागले तरी २०० पानांचं पुस्तक दहा दिवसांत पिवळं होतं, पुढच्या दहा दिवसांत हिरवं. ते मग जगात कुठूनही शोधता येतं, उतरवता येतं आणि त्यासाठी ड्राइव्हची लिंक सांभाळत बसावं लागत नाही.

स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) करा आणि मुखपृष्ठामागचं पान वगळू नका. प्रकाशनाचं वर्ष आणि आवृत्ती तिथेच असते, आणि पुस्तक विकिस्रोतावर राहणार की काढलं जाणार हे बहुतेक वेळा त्याच पानावर ठरतं.